ओडिशा-झारखंडच्या आतल्या भागात स्वतःची गाडी नेताना: तयारीपासून परतीपर्यंत

समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबई-पुण्याकडची माणसं एका दिवसात नागपूर गाठतात. तिथून कोरापुट साधारण सातशे किलोमीटर. मग बेत आखला जातो: दुसऱ्या दिवशी जगदलपूर, तिसऱ्या दिवशी देवमाळी शिखर पाहून रात्री रायगडा, चौथ्या दिवशी कंधमाळचं दारिंगबाडी. कागदावर सगळं बसतं. तिसऱ्या संध्याकाळी मात्र साडेपाचलाच काळोख होतो, घाट निम्मा उरलेला असतो, फोनला रेंज नसते आणि मागच्या सीटवरची मुलं भुकेली असतात. ही तक्रार वारंवार कानावर येते. त्यात रस्त्याचा दोष कमी असतो, आखणीचा जास्त.

हे मार्गदर्शन मुख्यतः छत्तीसगडमधून दक्षिण-पश्चिम ओडिशात, म्हणजे कोरापुट, रायगडा, कंधमाळ या जिल्ह्यांत जाणाऱ्यांसाठी आहे. झारखंड, पश्चिम बंगालमधलं पुरुलिया आणि उत्तर ओडिशातलं मयूरभंज इकडे जिथे वेगळी काळजी घ्यावी लागते, तिथे तसं सांगितलं आहे. फक्त पुरी-कोणार्क-भुवनेश्वर करायचं असेल तर यातलं निम्मंही लागणार नाही.

टप्पा १: महिना आधी, ठिकाणं नंतर

बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात आणि मिळेल त्या सुट्टीत ती कोंबतात. इथे क्रम उलटा ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. पावसाळ्यात कोरापुटचे डोंगर अप्रतिम दिसतात, पण छोट्या ओढ्यांवरचे बुटके पूल पाण्याखाली जातात आणि घाटात दरडी येतात. पहिल्या खेपेला पावसाळा नकोच. मार्चमध्ये पुरुलियात पळस फुलतो, तेव्हा तिकडे जरूर जा. एप्रिल-मे मध्ये पश्चिम ओडिशाचं ऊन विदर्भाच्या उन्हाला भारी पडतं.

तारखा पक्क्या करण्याआधी चार गोष्टी पडताळून घ्या.

पहिली, चक्रीवादळं. बंगालच्या उपसागरातला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हा वादळांचा हंगाम. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ धडकलं, तितली ११ ऑक्टोबर २०१८ ला, दाना २५ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे. किनाऱ्यापासून आत असलात तरी पाऊस आणि पडलेली झाडं तुमच्यापर्यंत पोहोचतात. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर आठवडाभर आधीपासून भारतीय हवामान विभागाचे इशारे रोज पाहा आणि खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या.

दुसरी, पूजा. दुर्गापूजा, कालीपूजा आणि वसंत पंचमीच्या सरस्वतीपूजेच्या आधी बंगाल-झारखंडच्या गावांत पोरं रस्त्यावर दोरी धरून वर्गणी मागतात. धोका नसतो, वेळ जातो. दहा-वीसच्या नोटा वरच्या कप्प्यात ठेवा, काच थोडी खाली करा, हसून द्या. वाद घालणाऱ्याची गाडी सगळ्यात जास्त वेळ थांबते.

तिसरी, जंगलांच्या तारखा. मयूरभंजमधलं सिमिलिपाल पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं आणि साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतं. त्या वर्षीची तारीख वन विभागाच्या बुकिंग संकेतस्थळावर पाहूनच पुढचं ठरवा.

चौथी, माओवाद्यांचे 'सप्ताह'. २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर हे ते दोन आठवडे. गडचिरोलीकरांना सांगायला नको. परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप निवळली आहे, तरी या दिवसांत नाकाबंदी वाढते आणि आतल्या मार्गावरची बस कधी कधी धावत नाही. तारीख हलवता येत असेल तर हलवा.

टप्पा २: उजेडाचे तास मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

देशाला घड्याळ एकच, पण सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो आणि आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्यास्त सुमारे सहाला होतो. कोरापुटला तो पाच-वीसच्या आसपास, आणि बारीपदा किंवा पुरुलियाला पाच वाजायच्या आतच. म्हणजे घरच्या सवयीने 'सहापर्यंत पोहोचू' असं धरून चाललात, तर शेवटचा तास पूर्ण अंधारात जातो. डोंगराच्या सावलीत त्याहून लवकर.

अंधारात इथे गाडी का चालवायची नाही? भीती वाटावी म्हणून सांगत नाही; कारणं रोजची आहेत. नोव्हेंबर-जानेवारीत कापणी झालेलं धान रस्त्यावरच वाळत घालतात आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडतात. धान उचललं जातं, दगड तिथेच राहतात. बंद पडलेल्या ट्रकमागे लाल त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी असते. गुरं डांबराच्या उबेला बसतात. प्रत्येक वस्तीच्या आधी-नंतर न रंगवलेला गतिरोधक असतो. हाट, म्हणजे आठवडी बाजार, उठल्यावर माणसं रांगेने रस्त्याच्या कडेने, कधी मधूनही, घरी चालत जात असतात. मयूरभंज, केंदुझर, सारंडा, दलमा, झारग्राम, बांकुडा या पट्ट्यात यात हत्तींची भर पडते. धान पिकायच्या सुमारास दलमाकडचे कळप दक्षिण बंगालच्या शेतांकडे उतरतात, आणि त्यांची रस्ता ओलांडायची वेळ संध्याकाळचीच असते.

आता हिशेब. सकाळी साडेसहाला निघायचं आणि दुपारी चारला गाडी मुक्कामाच्या फाटकात, असं धरा. मधे साडेनऊ तास. नाश्ता, जेवण, फोटो, चहा, रेल्वे फाटक, रस्ता चुकणं यात तीन-साडेतीन तास सहज जातात. चाकावर उरतात सहा.

त्या सहा तासांना हे सरासरी वेग लावा:

- चौपदरी राष्ट्रीय महामार्ग (नागपूर–रायपूर–संबलपूर): ताशी ६०
- दुपदरी राष्ट्रीय महामार्ग: ताशी ४५
- राज्य मार्ग आणि जिल्हा रस्ते: ताशी ३५
- घाट, जंगल, ग्रामसडक: ताशी २०–२५

हे आकडे पाहून हसणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा निघण्यापूर्वी हसत असतात. फोनवरचा नकाशा याहून कमी वेळ दाखवेल. त्यात त्याच्या तीस टक्के मिळवा.

म्हणजे नागपूर–रायपूर सुमारे २९० किलोमीटर एका दिवसात आरामात. रायपूर–जगदलपूर सुमारे ३००, हाही एक दिवसच, पण पूर्ण दिवस, कारण धमतरीपुढे वस्त्या वाढतात आणि केशकाल घाटात एखादा ट्रक वळणावर अडकला की रांग लागते. जगदलपूर–कोरापुट अंतर शंभरच्या आसपास. त्या दिवशी दुसरं फार काही ठेवू नका. कोरापुटच्या पुढे आतल्या भागात दीडशे किलोमीटरपेक्षा लांबचा दिवस आखूच नका.

तपासा: प्रत्येक दिवसासमोर तीन आकडे लिहिले आहेत का? त्या गावचा सूर्योदय, सूर्यास्त आणि चाकावरचे तास. तास सहाच्या वर गेले असतील तर एक ठिकाण खोडा. कोणतं खोडायचं यावरचं भांडण घरी बसून उरका.

धुक्याचा अपवाद लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत झारखंड आणि उत्तर ओडिशात सकाळचं धुकं दाट असतं. बाहेर पन्नास मीटर दिसत नसेल तर साडेसहाचा हट्ट सोडा. तासभर उशिरा निघा आणि तेवढं अंतर त्या दिवसातून कापा.

टप्पा ३: मार्ग नक्की करा, मग उप-मार्ग

दक्षिण ओडिशासाठी सरळ वाट अशी: राष्ट्रीय महामार्ग ५३ ने रायपूर, तिथून ३० ने धमतरी–कांकेर–कोंडागाव–जगदलपूर, मग ६३ ने बोरिगुम्मा आणि पुढे २६ ने जेपुर–कोरापुट. परतताना त्याच वाटेने यायची गरज नाही. कंधमाळमधून फुलबाणी–बौध–सोनपूर–संबलपूर करत पुन्हा ५३ ला लागता येतं.

फोन कधी कधी गडचिरोलीतून भोपालपट्टणम–बिजापूर मार्गे जगदलपूरला नेतो. चंद्रपूरकडून निघणाऱ्यांना ते जवळचं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला कुटुंबासह तिकडून जाऊ नका. रायपूरवरून अंतर वाढतं. त्या बदल्यात पंप, दवाखाने आणि सर्व्हिस सेंटर वाटेवर मिळतात.

रायपूर–विशाखापट्टणम नव्या द्रुतगती मार्गाचे तुकडे नकाशावर दिसले, तरी ते वाहतुकीला खुले झाल्याची खात्री होईपर्यंत हिशेबात धरू नका.

नावांचा घोळ इथे खरोखर होतो. रायगड महाराष्ट्रात, रायगढ छत्तीसगडमध्ये, रायगडा ओडिशात. कोरापुटजवळचं जेपुर नकाशात जयपूर म्हणून शोधलं की राजस्थान समोर येतं. जाजपूर हा आणखी तिसराच जिल्हा. ठिकाण शोधताना जिल्हा आणि पिनकोड दोन्ही टाका, आणि खोली घेताना व्यवस्थापकाकडून प्रत्यक्ष ठिकाण मागवून घ्या.

दुसरा घोळ पाण्याचा. कोलाब, बालिमेला, हिराकुड ही मोठी धरणं. तलावापलीकडे पाच किलोमीटरवर दिसणारं ठिकाण रस्त्याने पन्नासही भरू शकतं. सरळ रेषेतल्या अंतरावर विसंबून खोली घेऊ नका.

सावधान: फोन 'दहा मिनिटं वाचतील' म्हणून गावातून आडवाट सुचवतो. ती ग्रामसडक असते. सुरुवातीला छान सिमेंटची, शेवटच्या घरापाशी संपणारी. वाचणारा वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर मुख्य रस्ता सोडू नका. निघण्यापूर्वी चारही राज्यांचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या आणि दिवसाच्या मार्गावरच्या मोठ्या गावांची नावं कागदावर लिहून डॅशबोर्डला लावा. रेंज गेली की तो कागद कामाला येतो.

टप्पा ४: मुक्काम

एकेक रात्र नव्या गावी काढण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी तळ ठोका. जेपुर किंवा कोरापुट हा एक तळ. जेपुरात हॉटेलं आणि गॅरेज जास्त, कोरापुटला हवा चांगली. देवमाळी, कोलाब, दुडुमा इथून होतात. दुसरा तळ दारिंगबाडी, तिसरा परतीचा संबलपूर.

ओडिशा पर्यटनाची पंथनिवास आणि वन विभागाची निसर्ग शिबिरं आधी नोंदवावी लागतात. शनिवार-रविवारी आणि वर्षअखेरीला ऐन वेळी काही मिळत नाही. शिबिरात जेवण ठरलेलं असतं आणि उशिरा आलात तर फाटक बंद मिळू शकतं. डाक बंगला किंवा 'आयबी' (सरकारी इन्स्पेक्शन बंगला) वर विसंबू नका. सरकारी अधिकारी आला की तुमची खोली जाते.

फोन करून चार प्रश्न विचारा: गाडी आत उभी राहते का, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत, गरम पाणी कसं मिळतं, आणि शेवटचे दोन किलोमीटर रस्ता कसा आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरी जागा पाहा.

कोरापुट-दारिंगबाडीला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. 'ओडिशा म्हणजे दमट' असं समजून फक्त सुती कपडे घेऊन जाणारे पहिल्याच रात्री बाजारात स्वेटर शोधतात.

टप्पा ५: गाडी

एसयूव्हीच हवी हा गैरसमज आहे. साधी हॅचबॅक या मार्गावर चालते. फक्त पाच माणसं आणि टपावर सामान अशी लादू नका, कारण गतिरोधकांवर पोट घासतं.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको. दोन-तीन आठवडे आधी करा आणि नंतर किमान दोनशे किलोमीटर चालवून पाहा. सैल राहिलेला नट किंवा गळणारा पाइप घराजवळ कळलेला बरा.

टायरकडे नीट पाहा. बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षं उलटली असतील तर नक्षी चांगली दिसत असली तरी बदला. समृद्धीवर तासन्‌तास वेगाने तापलेला जुना टायर पुढे घाटात दगा देतो. स्टेपनी काढून हवा भरा, जॅक आणि पाना खरोखर डिकीत आहेत का ते बघा आणि एकदा स्वतः चाक बदलून पाहा. छोट्या गाडीचा लहान स्टेपनी असेल तर ट्यूबलेसचा पंक्चर संच आणि बारा व्होल्टचा पंप घ्याच.

सोबत घ्या: ओढायचा दोर, फ्यूज, एक जादा हेडलाइट बल्ब, टॉर्च, परावर्तक त्रिकोण, वायपरच्या पाण्याची बाटली, जुनी चादर.

सीएनजी गाडी असेल तर रायपूरपुढे पेट्रोलवरच हिशेब करा. डिझेल बीएस ६ गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करणारा द्रव) लागत असेल तर रायपूरलाच टाकी भरा. इलेक्ट्रिक गाडीने संबलपूरपर्यंत जाता येईल, पण कंधमाळच्या आत पर्यायी चार्जर हाताशी नसताना जाणं मला पटत नाही.

टप्पा ६: कागद, पैसे, फोन

खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीला दुसऱ्या राज्यात फिरायला परवाना लागत नाही. भाड्याने घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी असेल तर तिचा परवाना ओडिशा-झारखंडला चालतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असले तरी छापील प्रती ठेवा. नाका जिथे असतो तिथे रेंज असेलच असं नाही. ओडिशात टोलनाक्यांवरचे कॅमेरे गाडीचा विमा आणि इतर कागद वैध आहेत का ते पाहून थेट ई-चलन पाठवतात. प्रवासाच्या मधेच मुदत संपणार असेल तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण करा.

जगदलपूर–बोरिगुम्मा सीमेवर आणि कोरापुट परिसरात गांजाच्या तस्करीमुळे बाहेरच्या पाटीच्या गाड्या थांबवून पाहतात. एमएच पाटी म्हटल्यावर डिकी उघडायला सांगणारच. उतरा, उघडून दाखवा, विषय संपतो. अनोळखी माणसाचं पार्सल 'फक्त रायपूरपर्यंत' म्हणूनही घेऊ नका.

सावधान: रांचीहून गयेला, म्हणजे बिहारात, जाणार असाल तर गाडीत दारूची सीलबंद बाटलीसुद्धा नको. बिहारमध्ये २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे. गाडी जप्त होते आणि अटकही. पिंडदानाला निघालेल्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावं, कारण आदल्या रात्रीची उरलेली बाटली डिकीत विसरली जाते.

पैसे रोख ठेवा आणि त्यातले बरेच पन्नास-शंभरच्या नोटांत. पंपावर यूपीआयचा फलक असतो. रेंज नसली की फलक निरुपयोगी. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असू द्या. घरी एका माणसाला रोजचा मार्ग आणि मुक्कामाचा फोन लिहून द्या.

टप्पा ७: रस्त्यावरचा दिवस

१. आदल्या रात्री. हॉटेलच्या व्यवस्थापकाला दोनच गोष्टी विचारा: उद्या बंद किंवा चक्काजाम आहे का, आणि उद्याच्या मार्गावर हाट कुठे आहे. बंद बहुतेक आदल्या दिवशीच जाहीर झालेला असतो आणि स्थानिकांना ठाऊक असतो, बाहेरच्यालाच नसतो.

२. निघताना. चारही टायर पाहा, काचा आतून-बाहेरून पुसा, पाणी भरा. मोठ्या गावातून बाहेर पडतानाच इंधन भरा. अर्धी टाकी झाली की ती संपली असं समजा, कारण पुढचा पंप बंद असू शकतो किंवा तिथे डिझेलचा टँकर यायचा असतो.

३. नाश्ता आठ ते साडेनऊ. ओडिशात बरा-घुगनी, पुरी, उपमा, मयूरभंजला मुढी-मांस, झारखंडला धुस्का. दहानंतर कढई उतरते आणि मग थेट दुपारचा भातच मिळतो.

४. जेवण बारा ते दोन. साध्या भाताच्या खानावळीत जा: भात, डाळमा किंवा डाळ, भाजी, मासा. दुपारी पोळ्या मागत बसलात तर अर्धा तास जाईल आणि ज्या येतील त्या खाववणार नाहीत. भात बहुधा उकड्या तांदळाचा असतो. पोटाला सवय नसेल तर पहिल्या दिवशी थोडा घ्या.

५. रस्ता विचारताना. 'रस्ता चांगला आहे ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. पाहुण्याला कोण नाही म्हणणार? त्याऐवजी विचारा, या रस्त्याने बस जाते का? ओडियात: 'ए रास्तारे बस जाउछि कि?' बस जात असेल तर तुमची गाडी जाईल. फक्त मोटारसायकली जातात असं कळलं तर मागे फिरा. वयस्कर माणसाला ओडिशात 'मउसा' म्हणा, बंगालमध्ये 'दादा'. कोरापुट भागात आणि झारखंडमध्ये हिंदी बऱ्यापैकी चालते.

६. घाटात. उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे सपाटीवरचे चालक वासावरून ओळखू येतात. वळणावर हॉर्न द्या. समोरच्या बसने आतली बाजू घेतली तर ती तिची सवय आहे. तुम्ही थांबा.

७. खाणपट्टा. जोडा–बडबिल–कोइडा भागात लोहखनिजाचे ट्रक किलोमीटरभर रांगेत उभे असतात. सारंडा किंवा किरिबुरूसाठी तिकडून जावं लागत असेल तर त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका, काचा बंद, एसी आतल्या हवेवर.

८. अडीच वाजता निर्णय. हा नियम मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. अडीचला गाडी बाजूला घ्या आणि मुक्काम किती तासांवर आहे ते पाहा. दीड तासाच्या आत असेल तर पुढे. नसेल तर वाटेतल्या तालुक्याच्या गावी खोली शोधा. साडेचारला शोधायला लागलात तर मिळेल ती घ्यावी लागते.

तपासा: रोज संध्याकाळी चाकाखाली वाकून पाहा. तेलाचा डाग, टायरमधला खिळा, सैल मडगार्ड. उद्याचा त्रास आज पाच मिनिटांत दिसतो.

टप्पा ८: हाट, वस्ती आणि कॅमेरा

आठवडी हाट हे या प्रवासाचं मोठं आकर्षण, आणि इथेच पाहुण्यांचं वागणं सगळ्यात जास्त खटकतं. चाटिकोनाचा हाट बुधवारी, ओनुकुडेलीचा गुरुवारी, कुंदुलीचा शुक्रवारी. मुक्कामांचे वार यावरून लावा; आधी मुक्काम ठरवून मग हाट शोधलात तर तो परवाच झालेला असतो.

गाडी बाजाराच्या बरीच आधी उभी करा. हाटाच्या रस्त्यात घुसलेली गाडी दोन तास बाहेर निघत नाही. सकाळी दहा-अकराला पोहोचा आणि दुपारी उठून जा. संध्याकाळी माणसं सलप-हंडिया (ताडी आणि तांदळाची दारू) घेऊन घरी परततात, तेव्हा रस्त्यावर बाहेरची गाडी नको.

डोंगरिया कंध आणि बोंडा या आदिवासी जमातींच्या स्त्रियांचे फोटो काढू नका. विचारूनही नको, पैसे देऊन तर नकोच. गाइड 'चालतं' म्हणाला तरी. हळद, आलं, मिलेट, भाजी विकत घ्या, भाव विचारा, बोला. कोरापुटची कॉफी घरी नेण्यासारखी आहे. मुलांना चॉकलेटं वाटू नका. पुढच्या गाडीमागे ती रस्त्यावर धावतात.

सिमिलिपालसारख्या जंगलात जाताना प्रवेशाचा परवाना आधी घ्या आणि पिठाबटा किंवा जशिपूर यांपैकी कोणत्या बाजूने आत जायचं ते मुक्कामावरून ठरवा. आत पंप नाही, रेंज नाही. गाड्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून सकाळी लवकर फाटकावर. डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा. या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे.

टप्पा ९: अडचण आली तर

गाडी बंद पडली: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२. विमा कंपनीची रस्त्यावरची मदत आतल्या भागात फार उशिरा येते. जवळच्या गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याला आधी विचारा. तात्पुरतं काम तो करून देतो.

चक्काजाम लागला: पुढे घुसू नका, व्हिडिओ काढू नका. मागे येऊन एखाद्या खानावळीजवळ थांबा. बंद अनेकदा संध्याकाळी सहाला सुटतो. पण मग रात्री गाडी चालवायची नाही, तिथेच खोली बघा.

बकरी किंवा कोंबडी चाकाखाली आली: पळ काढू नका. उतरा, शांत राहा, गावातल्या मोठ्या माणसाशी भरपाईचं बोला. रक्कम पटत नसेल तर पोलीस ठाण्यात जाऊ म्हणा. माणसाला लागलं असेल तर आधी १०८, मग बाकीचं.

हत्ती दिसला: शंभर मीटर आधीच थांबा. हॉर्न नको, दिवे उघडझाप नको, उतरणं तर अजिबात नको. हळूच मागे घ्या. एक हत्ती ओलांडून गेला म्हणजे कळप गेला असं नसतं. पाच-दहा मिनिटं थांबा.

टप्पा १०: परतल्यावर

गाडी खालून धुऊन घ्या, लाल माती आणि भाताचं काड एक्झॉस्टजवळ अडकलेलं असतं. चाकांचं अलाइनमेंट तपासा. फास्टॅगचा तपशील पाहा. एकाच नाक्यावर दोनदा पैसे कापले गेले असतील तर लगेच तक्रार करा. महिनाभर परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या नंबरने ई-चलन शोधत राहा, कारण दुसऱ्या राज्यातलं चलन उशिरा दिसतं.

परतल्यावर महिन्याभरात कोणालाही थंडी वाजून ताप आला तर घरी पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. डॉक्टरांना ओडिशा-झारखंडच्या जंगल भागात जाऊन आल्याचं स्वतःहून सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या.